कमानीला गुरुजींचं नाव नको, आधी त्यांची रजिस्टरं वाचवा

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
तसेच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य यांना,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात समितीच्या एकाच बैठकीत दोन ठराव झाले. एक असा, की शाळेच्या नव्या इमारतीच्या कमानीला माझ्या वडिलांचं नाव द्यावं. दुसरा असा, की जुन्या इमारतीचं निर्लेखन, म्हणजे ती वापरातून कायमची काढणं, मंजूर झालं आहे, तेव्हा ती पाडण्याआधी ऑफिसातली ‘जीर्ण व निरुपयोगी’ कागदपत्रं रद्दीत काढून जागा मोकळी करावी. पहिल्या ठरावाबद्दल आम्हा तिन्ही भावंडांकडून मनापासून आभार. पण दुसरा ठराव कायम राहणार असेल, तर पहिला आम्हाला मान्य नाही. तोंडी सांगून पाहिलं, लेखी अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. पावसाळा तोंडावर आहे आणि जेसीबी कधीही दारात उभा राहील, म्हणून आता गावासमोर लिहिते आहे.

गावाचं नाव मुद्दामच देत नाही. कुणाची बदनामी करायची नाही. शिवाय तापीच्या दोन्ही काठांना, थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, जुन्या कागदपत्रांचं असं कपाट अनेक शाळांच्या ऑफिसात उभं आहे. वाचणाऱ्याने आपल्या गावची शाळा डोळ्यांसमोर आणली तरी चालेल.

आमच्या शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टरं आहेत, म्हणजे दाखल-खारज: कोणतं पोर कधी शाळेत आलं आणि कधी सोडून गेलं याची नोंद. सगळ्यात जुनं स्वातंत्र्याच्या आधीचं, जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणत होते तेव्हाचं. माझे वडील फायनल पास होऊन, ट्रेनिंग करून मास्तर झाले ते स्कूल बोर्डाच्या काळात. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि ते झेडपीचे झाले. शाळेचं नाव बदललं, शिक्का बदलला, रजिस्टर मात्र तेच पुढे चालू राहिलं. गावासाठी ते गुरुजी, आमच्यासाठी आप्पा. बदलीची काही वर्षं सोडली तर त्यांची सगळी नोकरी याच शाळेत झाली, आणि या काळातली बहुतेक पानं त्यांच्या हातची आहेत.

आप्पांची जन्मतारीख कागदावर १ जून. खानदेशात त्यांच्या पिढीतल्या दर घरात एकदोघे १ जूनचे निघतील. पोर शाळेत आलं, आईबापाला तारीख सांगता आली नाही, की मास्तर शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकून मोकळे व्हायचे. आमची आजी मात्र त्यांना नेहमी सांगायची, “पोयाना दुसरा दिन जलमना तू.” म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. साल तिलाही आठवत नव्हतं. १ जूनचा जन्म म्हणून सरकारी नियमाप्रमाणे आप्पा ३१ मेला निवृत्त झाले. गेल्या दिवाळीनंतर ते गेले तेव्हा कागदावर ९३ वर्षांचे होते. खरं वय आम्हाला ठाऊक नाही, त्यांनाही नव्हतं.

म्हणूनच, स्वतःच्या हाती रजिस्टर आल्यावर, विचारपूस केल्याशिवाय त्यांनी कुणाला १ जून लावला नाही. जूनमध्ये शेतावरून बाया पोरांना घेऊन यायच्या. “गुरजी, तारीख काय माहीत! हाऊ आखाजीना मांगला बजारले व्हयना.” आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. आप्पा तिला खाली बसवायचे. कोणत्या आखाजीच्या? थोरलं पोर तेव्हा चालत होतं का? त्या साली ज्वारी किती पिकली, विहिरीला पाणी होतं का, कानबाईच्या सणाचे रोट कुणाच्या घरी होते? मग टेबलाच्या खणातून जुनी पंचांगं निघायची. साल पक्कं व्हायचं, तिथी सापडायची, बाजाराचा वार ताडून पाहिला जायचा आणि मगच टाक दौतीत बुडायचा. तारीख आधी अंकी, मग अक्षरी. खाडाखोड झालीच तर लाल शाईने रेघ आणि शेजारी आद्याक्षरं. बाहेर रांग लागलेली असायची, त्याची त्यांना पर्वा नव्हती. एकेका पोरासाठी अर्धा तास जायचा.

त्या रजिस्टरात शेवटाकडे एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. बहुतेक ठिकाणी तिथे ‘सतत गैरहजर’ किंवा ‘पालकाची विनंती’ एवढंच लिहिलेलं सापडतं. आप्पा खरं कारण लिहायचे. ‘गुरे राखणे.’ ‘वडील सालदार, गाव सोडले.’ ‘आईवडिलांसोबत बारडोलीकडे ऊसतोडीस.’ १९७२ च्या दुष्काळाच्या पानांवर एकाखाली एक ‘खडी फोडण्याच्या कामावर’ लिहिलेलं आहे, आणि ती मुलं दहा-बारा वर्षांची आहेत. आपल्या भागातल्या दुष्काळावर पुष्कळ लिहिलं गेलं असेल, पण कुणाच्या घरातलं कोणतं पोर त्या वर्षी पाटी सोडून हातोडा धरायला गेलं, हे या पानांवरच कळतं.

मुलींच्या नावापुढे ‘लग्न ठरले’ लिहायची वेळ आली, की त्या दिवशी आप्पा घरी आल्यावर जेवत नसत. आधी त्या मुलीच्या घरी जायचे, तिच्या बापाशी बोलायचे. बऱ्याचदा हात हलवत परत यायचे. पण काही ओळींवर ‘लग्न ठरले’ला लाल रेघ आहे आणि पुढे ‘पुन्हा दाखल’ लिहिलेलं आहे. त्यातल्या एक बाई पुढे नर्स झाल्या, एक आज अंगणवाडीत आहेत. आपल्या समितीवरच्या एका सदस्याच्या आईचंही नाव त्यात आहे. ते नाव इथे लिहिणं बरं नाही. त्यांनी कपाट उघडून स्वतः पाहावं.

घरातही आप्पा असेच होते. मायला दम्याचा त्रास. थंडीत चुलीचा धूर तिला सोसत नसे, म्हणून पहाटे चूल आप्पाच पेटवायचे. त्यांच्या भाकरीची कड नेहमी फाटायची आणि ते ती फाटकी भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायचे. आम्हा दोघी बहिणींच्या वेण्या घालून, धाकट्याला सायकलच्या दांडीवर बसवून ते शाळेत निघायचे. गल्लीतले लोक नावं ठेवायचे, मास्तर बायकांची कामं करतो म्हणायचे. त्यांनी कधी कुणाला उत्तर दिलेलं मला आठवत नाही. १९७७-७८ च्या ५४ दिवसांच्या संपात पगार थांबला, तेव्हा काकांच्या शेतात कापूस वेचून त्यांनी मायची औषधं आणली. दोन्ही मुलींना तालुक्याच्या कॉलेजात पाठवलं. आमच्या तिघांच्या ओळीत कारणाच्या रकान्यात ‘पुढील शिक्षणासाठी’ आहे. माझ्या ओळीच्या वर आणि खाली ज्या मैत्रिणी आहेत, त्यांच्यापुढे तसं लिहायला मिळालं नाही, याचं दुःख ते शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. माय अंथरुणाला खिळली ती वर्षं त्यांनी कशी काढली, ते लिहिण्याची ही जागा नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. रजिस्टरं क्रमांकाने चालतात, नावाने नाही. आजोबांचा दाखला मागायला आलेल्या माणसाला रजिस्टर क्रमांक कुठून ठाऊक असणार? म्हणून तेव्हाच्या हेडमास्तरांची लेखी परवानगी घेऊन आप्पांनी सगळ्या रजिस्टरांची आडनावांप्रमाणे अनुक्रमणिका केली. दोनशे पानी वह्यांत आडनाव, नाव, बापाचं नाव, रजिस्टर, पान. दुपारच्या वेळी शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहायचे. एका आडनावाची चार-चार स्पेलिंग त्यांनी शेजारी शेजारी दिली आहेत, कारण मोडी वळणाचं जुनं अक्षर आणि बोलीतला उच्चार यांत नावं बदलत गेली. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ अभिलेखांची सूची ठेवायला सांगतं. ते काम आप्पांनी कायदा येण्याच्या आधीपासून, एक पैसा न घेता केलं.

आता तक्रारींकडे येते.

कपाटातली कागदपत्रं ‘निरुपयोगी’ आहेत हे कुणी ठरवलं? बैठकीआधी ती कुणी उघडून पाहिली नाहीत, यादी केली नाही. सरकारी दप्तर कसं लावायचं हे आपल्याला मी सांगायला नको. सहा गठ्ठे पद्धत आहे, कोणता कागद किती काळ जपायचा त्याप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. पोषण आहाराच्या जुन्या पावत्या आणि जनरल रजिस्टर यांना एका पोत्यात घालता येत नाही. जनरल रजिस्टर कायम जतन करायचं असतं. ते रद्दीत काढायचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीला नाही, हेडमास्तरांना नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे साहेब, आपल्यालाही नाही.

“आता सगळं ऑनलाइन आहे” असं मला सांगण्यात आलं. ऑनलाइन काय आहे? विद्यार्थ्यांची माहिती ठेवणारं सरल पोर्टल २०१५ च्या सुमाराचं. त्यात तेव्हापासूनची मुलं आहेत. १९४८ साली पहिलीत बसलेला माणूस त्यात नाही, १९६५ सालची त्याची मुलगीही नाही. जन्म नोंदणीच्या सुधारित कायद्याप्रमाणे १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना जन्मदाखला पुरेल. त्यांच्या आज्या-पणज्यांना पुरणार नाही, कारण त्यांचा जन्म कुठल्याही ग्रामपंचायतीत नोंदलेलाच नाही. त्यांची एकमेव सरकारी नोंद शाळेच्या कपाटात आहे.

ही नोंद कुणाला लागते, तेही सांगते. जात पडताळणीत अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा विचारतात. ज्याच्या घरात सातबारा आहे, फेरफार आहेत, तो ते पुढे करतो. सालदाराच्या, मजुराच्या घरात काय असतं? आजा दोन यत्ता शिकला असेल तर त्याची शाळेतली एक ओळ. राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यात कलम ८ आहे: दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर. म्हणजे सिद्ध त्याने करायचं, आणि ज्या कागदावर सिद्ध होणार तो कागद आपण किलोवर विकायचा?

२०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ठिकठिकाणी शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. आमच्याकडेही निघाली, पानांचे फोटो काढले गेले. चांगलंच झालं, ज्याची नोंद आहे त्याला ती मिळालीच पाहिजे. पण तेव्हा जी पानं सरकारी पुरावा होती, ती एवढ्यात रद्दी कशी झाली?

या वर्षीचीच एक गोष्ट. नर्सिंगच्या प्रवेशासाठी एका भिल्ल मुलीला आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातल्या त्यांच्या ओळीची नक्कल, हवा होता. तिला लेखी उत्तर मिळालं, ‘रजिस्टर जीर्ण असून नोंद आढळून येत नाही.’ रडवेली होऊन ती आमच्या घरी आली, कारण गुरुजींकडे वह्या आहेत हे तिच्या बापाला माहीत होतं. वहीत आजोबांचं नाव होतं, पान होतं. तो आकडा कागदावर लिहून दिल्यावर शाळेत कपाट उघडलं गेलं आणि चहा यायच्या आत ओळ सापडली. शाई थोडी फिकटली होती, जात आणि तारीख स्पष्ट वाचता येत होती. तिला उतारा मिळाला. वह्यांची माहिती नसल्यामुळे ‘आढळून येत नाही’वर विश्वास ठेवून जे परत गेले, त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

रजिस्टर जीर्ण आहे हे खरं. पण ते जीर्ण का झालं? ऑफिसच्या छताचे पत्रे वर्षानुवर्षं गळतात. कपाट ओलीच्या भिंतीला टेकवलेलं आहे. खालच्या कप्प्यातली दोन रजिस्टरं भिजून एकमेकांना चिकटली आहेत आणि मागच्या फळीला वाळवी लागली आहे. चालता येत होतं तोवर आप्पा उन्हाळ्यात जाऊन रजिस्टरं उन्हात घालायचे, पानापानात कडुनिंबाचा पाला ठेवायचे. शेवटच्या काही वर्षांत त्यांनी कपाट हलवण्यासाठी अर्ज केला होता. थरथरत्या हाताची ती सही शाळेच्या आवक फायलीत असेल. माजी विद्यार्थ्यांनी लोखंडी कपाट द्यायची तयारी दाखवली. उत्तर मिळालं, वरून परवानगी लागते. कपाट घ्यायला वरून परवानगी लागते आणि ऐंशी वर्षांचं दप्तर विकायला एक ठराव पुरतो, हे मला पटत नाही, गावातल्या कुणालाच पटू नये.

याच खानदेशात कागद वाचवण्याची मोठी परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली दप्तरं मिळवत राहिले. १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच महिन्यात धुळेकरांनी त्यांचं काम पुढे नेण्यासाठी संशोधन मंडळ उभं केलं. आजही तिथे ते कागद आहेत. आमच्या शाळेच्या कपाटात पेशव्यांची पत्रं नाहीत, सालदारांची, पाटलांची, कोळ्यांची, भिल्लांची, विणकरांची पोरं आहेत. ती राजवाड्यांच्या कागदांहून कमी मोलाची आहेत असं मी मानत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

रद्दीचा ठराव लेखी स्थगित करा आणि तसा कागद शाळेच्या फलकावर लावा. मगच जुन्या इमारतीला हात लावा. पाडकाम थांबावं असं आमचं म्हणणं नाही. इमारत खरंच धोकादायक आहे, मुलांना नवी खोली लवकर मिळायला हवी.

पहिल्या पावसाच्या आत रजिस्टरं नव्या इमारतीतल्या कोरड्या खोलीत हलवा. हलवताना पंचनामा करा: कोणतं रजिस्टर, किती सालापासून किती सालापर्यंत, पानं किती, अवस्था काय. कपाटाचा खर्च माजी विद्यार्थी करतील, तो शब्द आजही कायम आहे. चिकटलेली दोन रजिस्टरं कुणी घाईने ओढून सोडवू नयेत. कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवेपर्यंत ती तशीच ठेवा.

सगळ्या पानांचं स्कॅनिंग करा. एक प्रत शाळेत, एक पंचायत समितीत, एक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात. मात्र ही पानं उघड्यावर, कुणीही पाहावी अशी इंटरनेटवर टाकू नका. त्यात लोकांची जात आहे, गरिबी आहे, मोडलेली शिक्षणं आहेत. ज्याची नोंद त्याला किंवा त्याच्या वारसालाच ती मिळावी.

‘नोंद आढळून येत नाही’ असं उत्तर द्यायचं असेल तर कोणती रजिस्टरं, कोणत्या पानांपर्यंत, कुणी तपासली, हे त्याच कागदावर लिहा आणि खाली सही करा. गेल्या काही वर्षांत असं उत्तर मिळालेल्या सगळ्या अर्जदारांना कळवून त्यांचे अर्ज पुन्हा तपासा.

आणि आप्पांची अनुक्रमणिका शाळेच्या दप्तरात रीतसर दाखल करून घ्या. ती खासगी वह्यांची चळत म्हणून पडून राहू नये. तिला आवक क्रमांक मिळावा, तिच्यावर शाळेचा शिक्का बसावा.

हे झालं की कमानीला कुणाचं नाव द्यायचं ते गावाने ठरवावं. आमचा हट्ट नाही. कमानीच्या खर्चातून स्कॅनिंग होणार असेल तर कमानच नको, असं आम्ही भावंडांनी एकमताने ठरवलं आहे आणि तसं सहीनिशी या पत्रासोबत जोडलं आहे.

वह्या सध्या माझ्याकडे, कोरड्या जागी आहेत. ज्यांना नाव शोधायचं आहे त्यांनी रविवारी सकाळी घरी यावं, मी शोधून देते. रजिस्टरं नव्या खोलीत गेली की त्याच दिवशी मी मूळ वह्या घेऊन शाळेत हजर होईन. ताब्यात घेताना वहीनिहाय पोच द्यावी, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
गुरुजींची थोरली मुलगी आणि शाळेची माजी विद्यार्थिनी

सोबत: भावंडांचं संमतिपत्र, आधीच्या अर्जाची पोच.
प्रत माहितीसाठी: हेडमास्तर, सरपंच व ग्रामसभा, माजी विद्यार्थी मंडळी.